जाळरेषेवरची पालखी

सांबरकोंडच्या तुळसाकाकीच्या नाकाबद्दल गावात जे सांगतात त्यातलं निम्मं तरी खरं आहे. जयगडच्या बंदरात बोटीवरच्या खलाशानं विडी पेटवली की इकडे तिची नाकपुडी हलते, ही अर्थातच थाप. जयगड लांब पडतं, आणि मध्ये डोंगर आहेत. पण पावस गावच्या बागेत कुणी आंब्याखालचा पातेरा पेटवला, तर त्यानं काडेपेटी खिशात ठेवायच्या आत तुळसाकाकी उठून बसलेली असते, हे तिचे वैरीसुद्धा मान्य करतात. वैरी म्हणजे तरी कोण, तर विड्या ओढणारे.

वय त्रेसष्ट. अंगावर मांस म्हणावं तर कानाच्या पाळ्यांना तेवढं. सात वर्षांपासून वनखात्यानं तिला वणव्याच्या दिवसांपुरती राखणदार नेमलेली. राखायचं काय, तर गावाच्या डोक्यावर जांभ्या कातळाचा मोठा सडा आहे, त्याच्या पलीकडचं रान. पावसाळ्यानंतर सड्यावर कमरेएवढं गवत उभं राहतं आणि माघ सरला की त्या गवताचा कागद होतो. सड्याच्या पूर्वेला जमीन एकदम खाली उतरते, त्या घळीत हे रान. सरकारी फलकावर ते ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ आहे, गावाच्या तोंडी नुसतं रान. त्याच्या तळाला एक झरा आहे, आणि सांबरकोंडच्या सगळ्या वाड्यांच्या नळांना येणारं पाणी त्याच झऱ्याचं.

सात वर्षांपूर्वी सड्यावरचा वणवा त्या घळीत उतरला होता. तीन दिवस रान जळलं. त्या साली झरा चैत्रातच आटला आणि बायकांचे पाय पाण्यासाठी जूनपर्यंत दुसऱ्या गावची वाट तुडवत राहिले. तुळसाकाकी राखेत उभी राहिली तेव्हा रडली नाही, असं तिची जाऊ सांगते. एका जळक्या ऐनाच्या बुंध्यावर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, “ये परत.” जणू रागावून माहेरी गेलेल्या सुनेला सांगावं.

आणि रान आलं. ऐन आला, किंजळ आली, जांभळी आल्या. यंदा पोरसवदा झाडं तुळसाकाकीच्या डोक्यावर गेली होती. पण साल अजून कोवळी. आणखी चार वर्षं मिळाली तर ती एखादी आग अंगावर घेतीलही. आत्ता आली तर पुन्हा राखेपासून सुरुवात, आणि ती करायला आपण नसणार, एवढा हिशेब तुळसाकाकीला येत होता.

म्हणून ती रान राखत होती, आणि कसं, ते बघण्यासारखं होतं. कोकणात भात पेरायच्या आधी वाफ्यावर पाला, शेण, गवत रचून जमीन भाजतात. त्याला भाजावळ म्हणतात. वणवे बहुतेक तिथूनच सुटतात. खात्यानं ‘भाजावळ टाळा’ अशी पत्रकं छापली होती. लोकांनी त्यांत सुके बोंबील बांधले. तुळसाकाकीनं काही टाळायला सांगितलं नाही. ती घरोघर गेली आणि भाजावळीचे वार वाटून दिले. सोमवारी ह्याची, मंगळवारी त्याची. वेळ उजाडायच्या आधीची, कारण तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. ठिणगी उडाली तरी रानाला पाठ करून उडते. दुपारी खारा वारा सुटतो आणि तो समुद्राकडून निघतो तो थेट रानाच्या दिशेनं. त्या वेळी काडी ओढायची नाही. आणि पहाटेही ओढायची तर आधी पाण्यानं भरलेले दोन हंडे शेजारी दिसले पाहिजेत. सात वर्षांत एकदाही वणवा झाला नाही. वरचे साहेब बघायला आले, त्यांनी विचारलं, हे नियोजन कुणी शिकवलं. ती म्हणाली, वाऱ्यानं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

याशिवाय जाळरेषा. सडा आणि रान यांच्या मधोमध वीस हात रुंद आणि पाऊण किलोमीटर लांब अशी पट्टी. पौषात, दव पडलेलं असताना, तिच्यावरचं गवत आपणच जाळून टाकायचं. मग वणवा आलाच तर तिथवर येतो, खायला काही नाही म्हणून उपाशी मरतो. एकच अट असते. फाल्गुनात पानगळ झाली की वारा पातेरा आणून त्या पट्टीवर पसरतो. तो झाडून काढावा लागतो, नाहीतर आगीला चालायला गालिचाच घातल्यासारखं होतं.

यंदा तो झाडायचा राहिला होता. त्यात चूक तुळसाकाकीची होती आणि ती तिला घशात अडकलेल्या काट्यासारखी सलत होती. शिमगा तोंडावर आलेला, मुंबईची माणसं गावात उतरलेली, वाघजाईची पालखी घरोघर फिरायला निघालेली. गावकर महिपत, म्हणजे पालखीचा पहिला मान ज्याचा तो, नात्यानं तिचा दीर. तो म्हणाला, वयनी, शिमगा होऊन जाऊ दे, मग अख्खा गाव झाडू घेऊन येतो. आणि ती बरं म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदाच.

त्या दुपारी ती जाळरेषेच्या काठी, किंजळीच्या सावलीत बसली होती. सोबत वनरक्षक रुचिरा. ही मुलगी कोल्हापूरकडची, नोकरीचं पहिलंच वर्ष, पाठीवर पाला उडवायचं यंत्र असं मिरवायची जणू तोफ. मावशी, आज तरी घरी जायचं की, तुमच्या दारात पालखी यायचीय, असं ती दोनदा म्हणाली होती. तुळसाकाकीचं घर वाडीतलं शेवटचं, पालखी दिवस कलता कलता पोचायची. ओटीचं सामान तिनं ताटात काढून ठेवलेलं होतं. आहे की वेळ, म्हणून ती बसून राहिली होती.

खारा वारा सुटला, गवत एका अंगावर झुकलं, आणि तुळसाकाकीनं तोंडातली सुपारी थुंकली.

“भाजावळ,” ती म्हणाली. “शेण हाय त्यात. धोंडूची म्हैस.”

रुचिराला वास आला नव्हता. म्हशीचा तर नाहीच. पण तिनं दुर्बीण लावली, आणि सड्याच्या पश्चिम टोकाला, धोंडूच्या शेताच्या वर, एक पिवळट रेघ हलताना दिसली.

झालं होतं असं. धोंडूनं सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. वार त्याचा, वेळ पहाटेची, दोन हंडे भरून शेजारी. ढीग जळून खाली बसला, निखारे तेवढे विझवायचे राहिले, आणि तेवढ्यात ढोल वाजला. पालखी ठरल्या वेळेच्या दीड तास आधी त्याच्या आळीत शिरली होती. राखेनं माखलेल्या अंगानं देवीपुढे उभं कसं राहणार? धोंडूनं निखाऱ्यांवर दोन टोपल्या माती लोटली आणि त्या दोन हंड्यांच्या पाण्यानं तिथंच आंघोळ केली. अगदी कानांमागेसुद्धा चोळलं. वणव्यासाठी ठेवलेलं पाणी अशा रीतीनं धोंडूला स्वच्छ करण्यात गेलं. दुपारी खारा वारा आला, त्यानं माती फुंकली आणि खालचे निखारे जागे केले.

तुळसाकाकी उंच कातळावर चढली आणि तिनं तोंडावर पालथी मूठ मारत गावाच्या दिशेनं बोंब ठोकली. तिची बोंब म्हणजे साधी नव्हे. एकदा तिच्या बोंबेनं आंजर्ल्याच्या खाडीतली होडी गिरकी घेऊन परत फिरली होती, असं म्हणतात. गावानं ती ऐकली. आणि अख्ख्या गावानं, दीडशे तोंडांनी, उलट बोंब ठोकली. लांब, मजेदार, शेवटी हेल काढून.

रुचिरानं दुर्बीण खाली घेतली. “मावशी, ते तर उत्तर द्यायला लागलेत.”

“देणारच. शिमगा हाय ना.”

तिनं पुन्हा बोंब मारली, गावानं पुन्हा मारली, या खेपेला ताशासकट. धूरही वाऱ्यासोबत पूर्वेला, रानाकडे चाललेला, खोलगटात बसलेल्या गावाला तो दिसायचं कारण नव्हतं. फोन लावले तर सगळ्यांचे फोन खुंट्यांवर टांगलेल्या पँटींत, कारण पालखीपुढे सगळे धोतर-लेंग्यात. रुचिरानं कचेरीला कळवलं. तिकडून पथक निघालं, पण पोचायला दीड तास. सड्यावर गवत सलग नसतं, मध्ये मध्ये उघडा कातळ असतो, त्यामुळे आग उड्या मारत, थांबत येत होती. तरी तासाभराच्या आत ती जाळरेषेला भिडणार. आणि जाळरेषेवर घोटाभर पातेरा.

पोरगी घाबरली असेल, पण दिसलं नाही. यंत्र सुरू करत म्हणाली, “मी ह्या टोकाकडनं उडवत निघते. तुम्ही माणसं आणा. शंभर तरी.”

तुळसाकाकी धावली. सड्यावरून गावात उतरायला धडधाकट माणसाला वीस मिनिटं लागतात. ती किती वेळात उतरली यावर अजून वाद आहे. वाटेत तिला एक ससा आडवा आला, त्यानं थांबून तिला आधी जाऊ दिलं, इतकं मात्र नक्की.

पालखी तेव्हा मालनच्या अंगणात नाचत होती. चार खांद्यांवर देवी, भोवती गुलाल, ढोलांचा असा कल्लोळ की कौलं जागची हलत होती. तुळसाकाकीनं महिपतचा हात धरला आणि कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. महिपतचा चेहरा उतरला, पण तो गावकर होता. पालखी एकदा निघाली की तिला टाकून गाव हलत नाही. अजून अकरा घरं बाकी. मुंबईवाल्यांची रजा उद्या संपते, आणि ते वर्षभर ह्या एका दिवसावर जगतात. कुणाच्या दारात देवी गेली नाही तर तो माणूस महिपतला मरेपर्यंत ऐकवणार होता.

“दहा पोरं घे, वयनी,” तो म्हणाला. “चांगली तगडी देतो.”

“दहांनी काय व्हायचं? पाऊण किलोमीटर झाडायचं हाय.”

“मग मी काय करू? पालखी खाली ठेवू?”

“ठेवू नको. वर ने.”

महिपतनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवळाला चाकं लावायला सांगितलं होतं. पालखीची वाट ठरलेली असते. कुठल्या दगडी गडग्याला वळायचं, कुठल्या घराला पाठ दाखवायची नाही, हे त्याच्या आज्याच्या आज्यानं घालून दिलेलं. त्या वाटेसाठी मागे कोर्टातसुद्धा गेली होती माणसं.

“भावजी,” तुळसाकाकी म्हणाली, “देवीचं नाव काय? वाघजाई. ती रानातली. तिचं घर जळतंय नि तू तिला मालनच्या अंगणात नाचवतोस.”

महिपत भला माणूस होता, पण निर्णय घ्यायला त्याला सहसा बैठक लागायची, आणि बैठकीला चहा. त्यानं पालखीकडे पाहिलं. गर्दीकडे पाहिलं. मग त्यानं हात वर केला, ढोल थांबले, आणि तो गाऱ्हाणं घालायला उभा राहिला.

गाऱ्हाणं म्हणजे गावातर्फे देवीपुढे मांडलेलं मागणं. गावकरानं एकेक वाक्य बोलायचं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. हा होकार इतका अंगवळणी पडलेला असतो की माणसं झोपेतही भरतात. आणि एकदा भरला की मोडता येत नाही, कारण तो देवीसमोर दिलेला शब्द.

“बाय वाघजाय,” महिपत सुरू झाला, “तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी गोळा झाली हायत.”

“व्हय म्हाराजा,” दीडशे तोंडं.

“मुंबईवरनं आली, खाडीपल्याडनं आली, त्यांची रक्षा कर.”

“व्हय म्हाराजा.”

तुळसाकाकीनं मागून त्याच्या बरगडीत बोट खुपसलं.

“तुझ्या रानाला आज आग लागली हाय.”

“व्हय म्हाराजा.”

“ही सगळी लेकरं, नव्या कपड्यांसकट, आत्ताच्या आत्ता सड्यावर येतायत.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जाळरेषा झाडून काढल्याबिगर खाली उतरणार नायत.”

“व्हय म्हा—” इथं काही तोंडं अर्ध्यात थांबली. पण बाकीची पुढे गेली होती. शब्द देवीच्या पदरात पडला होता. मग धोंडू, स्वच्छ धुतलेला धोंडू, एकदम मटकन खाली बसला आणि कपाळ बडवत म्हणाला की माझे निखारे. आणि तोच सगळ्यांत आधी उठून धावला, मालनच्या दारातला खराटा घेऊन.

मग सांबरकोंडनं जे केलं ते आजूबाजूच्या गावांनी अजून पुरतं पचवलेलं नाही. घराघरांतून खराटे निघाले, दाताळी निघाली. ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी ओल्या पानांचे टहाळे तोडले. पुढे पालखी, मागे ढोल, त्यामागे बायका डोक्यावर हंडे घेऊन. सड्याची चढण इतकी उभी की बकरीसुद्धा तिथं विचार करते, पण पालखी त्या दिवशी खांद्यांना जड लागली नाही. संदेश मुंबईला पाचव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद असली की घरी जात नाही. तो पुढच्या खांद्याला होता. तो शपथेवर सांगतो की आम्ही पालखी नेली नाही, पालखीनं आम्हांला नेलं.

वर रुचिरा एकटी शंभर हात साफ करून पुढे सरकली होती. तोंड काळं, डोळे लाल, पाठीवरची तोफ धडधडतेय. गाव बघून तिनं काही विचारलं नाही, फक्त हातवारे केले. इतके इकडे, इतके तिकडे, दहा-दहा हातांवर एकेक. आणि झाडलोट सुरू झाली. दीडशे खराट्यांनी अशी धूळ उठली की सड्यावर भर दुपारी सांज झाली. खालच्या वाडीतल्या कोंबड्या खुराड्यात जाऊन निजल्या. धूळ बसल्यावर पुन्हा बाहेर आल्या, रात्री पुन्हा निजल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं हिशेबानं दोन-दोन अंडी घातली.

आग आता दिसत होती. माणसाहून उंच, वाऱ्यानं पुढे वाकलेली, कडकडत येणारी. तुळसाकाकीनं पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. कातळ उघडा पडला होता. पण ह्या वाऱ्यात ठिणगी वीस हात सहज उडेल, हे तिला दिसत होतं. पट्टी आणखी रुंद हवी होती, आणि झाडून ती रुंद होणार नव्हती.

“बाय,” ती रुचिराला म्हणाली, “समोरनं पेटवावं लागंल.”

पट्टीच्या पश्चिमेच्या कडेला आपणच आग लावायची. ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू मोठ्या आगीकडे सरकते, मधलं गवत आधीच खाऊन टाकते, आणि दोघी भेटल्या की दोघींनाही पुढे काही उरत नाही. चुकलं तर मात्र रान आपल्याच हातानं जाळल्यासारखं. रुचिरानं वारा पाहिला, माणसं पाहिली. कुणी विचारलं तर मी लावायला सांगितली म्हणून सांगा, असं म्हणून तिनं मान हलवली.

काडेपेटी मागितली तर दीडशे माणसांत एक निघेना. तुळसाकाकीच्या धाकानं सड्यावर काडेपेटी आणायची गावाची सवयच गेली होती. शेवटी महिपतनं देवीपुढचं धुपाटणं आणलं. त्यातले निखारे तुळसाकाकीनं एकेक करून गवताच्या कडेला सोडले, आणि रुचिरा तिच्यामागून यंत्रानं वाऱ्याला धक्का देत चालली. बाकीचे पट्टीवर टहाळे घेऊन उभे राहिले, पाठ रानाकडे करून. एक ठिणगी मागे पडली की चार टहाळे तिच्यावर. धोंडूनं तर एकीवर स्वतः लोळण घेतली. ढोलवाले ढोल वाजवत राहिले, का ते कुणी सांगितलं नव्हतं, पण हात थांबले नाहीत.

दोन्ही आगी पट्टीपासून चाळीस हातांवर भेटल्या. एक मोठा हुंकार आला, ज्वाळा ताडाएवढी वर गेली, जणू कुणीतरी उठून उभं राहिलं, आणि मग खाली बसली. धूर राहिला, फडफड राहिली, मग तीही नाही.

पांढरे लेंगे काळे, गुलाल आणि काजळी एकमेकांत मिसळलेली, कुणी कुणाला ओळखेना. मागे रान हिरवं होतं. वरच्या फांदीवर एक हळद्या पक्षी बसून सगळा तमाशा बघत होता.

तेवढ्यात रुचिराच्या मोबाइलवर टिंग वाजलं. तिनं वाचलं आणि हसायला लागली. उपग्रहावरून निरोप आला होता की तुमच्या हद्दीत आग असण्याची शक्यता आहे, कृपया खात्री करावी. तुळसाकाकीला सांगितल्यावर ती म्हणाली, “कळव त्याला, विझली म्हणून. येवढ्या वरनं बघून बघून डोळं दुखलं असतील बिचाऱ्याचं.”

पथक आलं, त्यांनी पश्चिमेकडच्या धुमसत्या कडेचा ताबा घेतला. महिपतनं माणसं मोजली, सगळी होती. अजून अकरा घरं बाकी होती आणि ऊन कलायला लागलं होतं. खांदे बदलले, पालखी उठली, उताराला लागायच्या आधी महिपत थांबला.

“चल वयनी. तुझं घर शेवटचं, पण आज पैलं घेतो. गाव काय बोलणार नाय.”

तुळसाकाकी त्याच्याकडे बघतच नव्हती. जाळरेषेच्या कडेला एक जुना ओंडका होता, वरून काळा, थंड दिसणारा. ती गुडघ्यांवर बसली, हाताची पालथी बाजू त्याच्या पोटाशी नेली आणि तशीच धरून राहिली.

“ह्यात धग हाय,” ती म्हणाली. “उद्या दुपारी खारा वारा आला की हा उठंल. तुम्ही व्हा पुढं.”

“आणि ओटी? ताट मांडून ठेवलंयस ना?”

“सुनेला सांग भरायला.” मग तिनं मान वर केली, धुराच्या पलीकडे उभ्या असलेल्या पालखीकडे पाहिलं. “आणि माझं काय राहिलंय? ती आली होती की इथवर. घरी आली असती तर पाच मिंटं थांबली असती. इथं तासभर हुबी राहिली माझ्यासंगं.”

महिपतनं पालखीचा दांडा धरला आणि भोयांना खुणावलं. पालखीनं जागच्या जागी एक वळसा घेतला, देवीचं तोंड तुळसाकाकीकडे येईल असा, घरासमोर घेतात तसाच. मग ढोल वाजत वाजत खाली गेला.

रुचिरा हंडा घेऊन आली. तुळसाकाकीनं ओंडका काठीनं उकलला, आत लालभडक निखारा डोळे मिचकावत होता. तिनं ओंजळीओंजळीनं पाणी घातलं, हात लावला, पुन्हा घातलं. मग उठली आणि पुढच्या ओंडक्याकडे गेली.